उथळ पाण्यातलं आरमार

(दृश्य: ओहोटीची खाडी. चिखलात कलंडलेली होडी. मागे दुर्गाडीचा बुरूज.)

कल्याण स्टेशनबाहेर रिक्षात बसायचं आणि नुसतं ‘दुर्गाडी’ म्हणायचं. नवरात्रात इथं जत्रा असते, तेव्हा बरंच अलीकडे उतरून गर्दीतून चालावं लागतं. एरवी रिक्षा किल्ल्यापाशी सोडते. खाली उल्हास नदीची खाडी. ओहोटी असली की आधी चिखलाचा वास येतो, पाणी नंतर दिसतं.

ऑक्टोबर १६५७. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. काठावरच्या टेकाडावर दुर्गाडी उभा राहिला आणि त्याच्या सावलीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. कामाला ठेवला रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज, त्याच्यासोबत सुमारे ३४० माणसं. पण इथून वसईच्या बाजूनं समुद्र गाठायचा तर तोंडावर बसलेले पोर्तुगीजच! आपल्याच माणसांनी बांधलेली जहाजं उद्या आपल्यावर चालून येतील, हे वसईच्या कप्तानाला उमगलं. त्याचा निरोप आला आणि ही माणसं काम टाकून निघून गेली.

आरमार मात्र थांबलं नाही.

(दृश्य: टी-८०, नाळेकडून म्हणजे पुढच्या टोकाकडून. करडा रंग. मग नौकेची मागची बाजू, अगदी जवळून.)

आता दुर्गाडीपाशी आलेली ही टी-८०. भारतीय नौदलाची वेगवान हल्ला नौका. इस्रायलमध्ये बांधलेली. २४ जून १९९८ ला दाखल झाली, २७ जानेवारी २०२२ ला मुंबईच्या नौदल गोदीत तिचा झेंडा उतरला. लांबी साधारण २५ मीटर, म्हणजे लोकलच्या एका डब्याहून थोडीशी जास्त. वजन ६० टनांच्या घरात. वेग मात्र ४५ नॉट, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर.

तिची गंमत मागच्या बाजूला आहे. एरवी जहाजाचा पंखा तळाखाली, खोल पाण्यात असतो. हिच्या पंख्यांचे दांडे थेट मागून बाहेर आलेत आणि वेगात असताना पंखे अर्धे पाण्यात, अर्धे हवेत फिरायचे. जिथं मोठी युद्धनौका रुतून बसेल, तिथं ही घुसखोरांच्या बोटीमागे धावू शकायची.

नौदलाने ती कल्याणला दिली, दुर्गाडीपाशी, खाडीकाठच्या संग्रहालयासाठी. भाषणांत ‘आरमाराची जन्मभूमी’ हे शब्द येतात आणि टाळ्या पडतात. मला विचाराल तर नातं त्याहून जवळचं आहे. मराठ्यांच्या गुराबा आणि गलबतं, म्हणजे त्यांची लढाऊ जहाजं, तळाला उथळ असायची. परक्यांची थोराड जहाजं खोल समुद्रात भारी पडत, पण खाडीत शिरलेलं गलबत त्यांच्या हाती लागत नसे. साडेतीनशे वर्षांनी बांधलेल्या टी-८० पुढेही सवाल तोच होता: पाणी कमी आहे, किनारा राखायचाय.

(दृश्य: विक्रांतचे जुने फोटो.)

आता जुन्या विक्रांतची, त्या विमानवाहू नौकेची आठवण निघतेच. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बझार हादरवलं. १९९७ ला निवृत्त झाली, मग मुंबईत तिच्यावर संग्रहालय झालं. शाळांच्या सहली जायच्या. पण २१३ मीटरचं लोखंड खाऱ्या पाण्यात उभं ठेवायचं म्हणजे पांढरा हत्ती. गंज सुट्टी घेत नाही. २०१२ ला संग्रहालय बंद पडलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्यात, जिथं जुनी जहाजं तोडतात, तिला गॅसकटर लागले. आम्ही ठाणे-कल्याणवाले हळहळलो. खर्चाला मात्र कुणी पुढे आलं नाही. आपणही नाही.

टी-८० चं तसं नाही. २५ मीटर लांबीची नौका शहराला झेपते. चारदोन रंगारी आणि दरसालचं थोडं बजेट. पावसाळ्याआधी खरवडायचं, प्रायमर मारायचा, मग करडा रंग.

(दृश्य: संध्याकाळ. भरती चढतेय. चिखलातली होडी आता सरळ झालीय.)

एक कोळी होडीतलं पाणी डब्यानं बाहेर फेकतोय. मग वल्हं टेकवून रेटा देतो. होडी सुटते, दुर्गाडीच्या पायथ्याला लागून, वसईच्या दिशेनं.