प्रदर्शन उतरवल्यावर काय उरतं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘पर्यावरणबदल, भविष्य आणि आजची कलाप्रदर्शनं’. एवढ्या विषयाला एक तास कुठे पुरणार? म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. भविष्याबद्दलचं प्रदर्शन उद्घाटनाच्या दिवशी जोखू नका. ते उतरवतात त्या दिवशी जा, आणि त्यानंतरही काही वर्षं विचारत राहा, की त्यातलं काय अजून चालू आहे. हे का म्हणते ते सांगते, मग शेवटी प्रदर्शनं कशी करावीत याबद्दल बोलेन.

माझं काम मांडणीचं. तुम्ही चित्र बघता, त्यामागची भिंत मी उभी करते. त्यामुळे कलाकृतीइतकीच माझी नजर स्क्रूवर असते.

समुद्रातल्या प्लास्टिकवरचं एक मोठं प्रदर्शन होतं. कुणाचं ते सांगत नाही. कलाकृती खरोखर चांगल्या होत्या, काहींपुढून पाय निघत नव्हता. त्यासाठी दालनात तात्पुरत्या भिंती घातल्या होत्या. ही भिंत कशी होते ते ठाऊक आहे ना? आत चौकट, तिच्यावर जिप्सम बोर्ड. दोन बोर्डांच्या सांध्यावर पट्टी चिकटवून वर पुट्टी भरायची. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरही पुट्टी. मग घासायचं आणि रंगाचे दोन हात द्यायचे. हात फिरवलात तर कुठे सांधा आहे कळणारसुद्धा नाही, इतकी गुळगुळीत. आता ती काढायची कशी? स्क्रू सापडतच नाही! म्हणून ती उलगडता येत नाही, फोडावी लागते. फोडलेला बोर्ड, त्यावर रंग, त्यात पुट्टी, पुट्टीत अडकलेली पट्टी, हे वेगळं करत कोण बसणार? सगळं एकत्र ट्रकमध्ये गेलं. शेजारी रिकाम्या लाकडी पेट्या होत्या. आतला फोम एकेका वस्तूच्या आकाराने कापलेला, म्हणजे दुसरं काही त्यात बसणार नाही. त्याही गेल्या. कचऱ्यावरच्या प्रदर्शनाने सगळ्यात जास्त काय निर्माण केलं असेल, तर कचरा.

मी बैठकीत सुचवलं होतं, की सांधे उघडे ठेवू, वर लाकडी पट्टी लावू. पट्टी काढली की स्क्रू समोर. हीच भिंत पुढच्या चार प्रदर्शनांना चालेल. उत्तर आलं, ‘पण रेघ दिसेल.’ हो, दिसली असती. दिसायलाच हवी होती! ज्या भविष्याबद्दल आपण बोलतोय त्यात अशा रेघा दिसणारच आहेत. त्या बघायची डोळ्यांना सवय लावणं हेही प्रदर्शनाचंच काम आहे असं मला वाटतं. ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून इतकी सांगितली.

आता याच्या उलट टोकाची गोष्ट, आणि ही मी कुठेही बोलले तरी सांगतेच. १९८२ साल. जर्मनीतलं कासेल शहर, तिथे दर काही वर्षांनी भरणारं डॉक्युमेंटा हे महाप्रदर्शन. योजेफ बॉइस या कलावंताने काय आणून ठेवलं? फ्रिडेरिचिआनुम ही तिथली मुख्य इमारत. तिच्यासमोरच्या हिरवळीवर बसॉल्टचे, म्हणजे काळ्या खडकाचे, सात हजार दगड. चांगले कमरेएवढे उंच खांब, एकावर एक टाकलेले. लोक खवळले. शहराच्या तोंडावर हा ढिगारा कसला? बॉइसचं म्हणणं एवढंच होतं, की ढिगारा नको असेल तर झाडं लावा. एक झाड लावलं की त्याच्या शेजारी रोवायला एक दगड उचलायचा. सात हजार झाडं झाली की हिरवळ मोकळी. (हशा) हसू येतंच, पण यातली अक्कल बघा. ढिगाऱ्याच्या आकारावरून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही कळत होतं किती काम बाकी आहे. तक्ता नको, आकडेवारी नको.

पैसे कुठून आणायचे? एका झाडामागे पाचशे जर्मन मार्कांची देणगी घेतली. अमेरिकेतल्या डिया या कला-प्रतिष्ठानने हात दिला. रशियाचा झार इव्हान द टेरिबल याच्या मुकुटाची सोन्याची नक्कल एका रेस्टॉरंटमालकाने बॉइसला देऊन टाकली होती. ती त्याने लोकांसमोर वितळवली आणि त्या सोन्याचा ससा ओतला. शांततेचा ससा! तो ७,७७,००० मार्कांना विकला गेला आणि पैसे झाडांना. जपानमधल्या एका व्हिस्कीच्या जाहिरातीतही बॉइस स्वतः दिसला, तेही झाडांसाठीच. इकडे शहरात गाड्या लावायच्या जागा गेल्या म्हणून तक्रारी चालूच होत्या. बरं, कामाचं नाव ‘सात हजार ओक’, पण सगळे ओकच नव्हते. अॅश होते, लिंडेन होते, चेस्टनट होते. जागा बघून झाड ठरवायचे.

जानेवारी १९८६ मध्ये बॉइस गेला. काम अर्धवट होतं. शेवटचं झाड १९८७ च्या जूनमध्ये, पुढच्या डॉक्युमेंटाच्या वेळी, त्याचा मुलगा वेंझेल याने पहिल्या झाडाशेजारी लावलं. आज त्या शहरात झाड वाढलंय आणि दगड होता तेवढाच आहे. सुरुवातीला दगड मोठा, रोपटं काडीसारखं. आता दगड बुंध्याशी कुठेतरी. शिल्पातलं प्रमाण दरवर्षी आपोआप बदलतंय. आणि मुख्य म्हणजे कुणीतरी ती झाडं छाटतंय, वाळलेलं काढून नवं लावतंय. तो शहराच्या कामाचा भाग झाला. १९८२ चं प्रदर्शन कधीच संपलं, कलाकृती अजून कामाला लागलेली आहे. मला हवं ते हे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. खरा मुद्दा तर आत्ता येतोय, तेव्हा भराभर जाते.

बर्फाचं काम बऱ्याच जणांनी फोटोत पाहिलं असेल. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसला हवामान परिषद भरली होती. तेव्हा कलावंत ओलाफुर एलियासन आणि भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांनी पाँथेआँ या तिथल्या जुन्या स्मारकासमोर बर्फाचे बारा ठोकळे घड्याळासारखे गोल मांडले. ग्रीनलंडच्या हिमचादरीपासून आधीच तुटून फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, तरंगत असलेला बर्फ. लोक कान लावून आतल्या जुन्या हवेचे बुडबुडे फुटताना ऐकत होते. टीका झाली, की बर्फ आणायला किती इंधन जाळलंत? रास्त टीका आहे. पण त्यांनी स्वतःच हिशेब करून घेतला आणि छापला: सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, म्हणजे तीस माणसांनी पॅरिसहून ग्रीनलंडला विमानाने जाऊन येण्याएवढं. बर्फ वितळला, हिशेब उरला. एवढं तरी प्रत्येकाने करावं. मोठमोठ्या प्रदर्शनांच्या कॅटलॉगमध्ये आभारांना चार पानं असतात, तिथे या हिशेबाला अर्धं पान मिळू नये?

आता कलावंत अॅग्नेस डेनेस. पुन्हा १९८२च. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या टोकाला भरावाच्या जमिनीवर तिने दोन एकर गहू पेरला, वॉल स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर. ऑगस्टमध्ये कापणी झाली. आज तिथे इमारती आहेत. पण ते धान्य पुढे एका फिरत्या प्रदर्शनातून अठ्ठावीस शहरांत गेलं, लोकांनी दाणे नेऊन पेरले. पुढे याच बाईने फिनलंडमध्ये रेतीच्या जुन्या खाणीच्या जागी टेकडी रचून तिच्यावर अकरा हजार माणसांकडून अकरा हजार झाडं लावून घेतली. प्रत्येकाला त्याच्या झाडाचं प्रमाणपत्र, वारशाने पुढे देता येणारं, आणि जंगलाला चारशे वर्षं हात लावायचा नाही असा करार. सांभाळ कुणी करायचा हे कलाकृतीतच लिहिलेलं!

आपल्याकडचे चित्रपटकार-कलावंत अमर कंवर यांचं ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ घ्या. ओडिशातल्या खाणी आणि जमिनीच्या लढ्यांवरचं काम. त्यात भाताच्या अडीचशेहून अधिक देशी वाणांचं बियाणं मांडलेलं होतं, चिमूट चिमूट. चित्रफितीइतकाच दाणाही तिथे पुरावा आहे.

संग्रहालयांची हवा हा विषय खरं तर वेगळ्या तासाचा. वस्तू जपायला २०-२१ अंश आणि ५० टक्के आर्द्रता, दिवसरात्र, हा जुना दंडक. त्यापायी प्रचंड वीज जाते. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटाने बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के एवढी मोकळीक मान्य केली आहे. नाजूक वस्तू वगळून, अर्थात. तरीही उसन्या कलाकृतींच्या करारांत जुनेच आकडे अजून दिसतात. ते बदलून घ्या. वितळत्या हिमनद्यांवरच्या कामाइतकाच हाही पर्यावरणाचा प्रश्न आहे, आणि हा तुमच्या सहीने सुटतो.

तर इथे बसलेल्या, उद्या प्रदर्शनं करणाऱ्या मुलामुलींना सांगते. कलाकृतींची यादी करण्याआधी, पहिल्याच बैठकीत, उतरवण्याचा आराखडा टेबलावर ठेवा. भिंत उलगडणार कशी आणि जाणार कुणाकडे. पेटीतला फोम दुसऱ्या कशाला चालेल का. झाड असेल तर पाणी कोण घालणार, किती वर्षं, आणि माळ्याचा पगार कोणत्या खात्यातून. या प्रश्नांना उत्तरं नसतील तर तारीख पुढे ढकला. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांचं वाईट वाटून घेऊ नका, ते पुढच्या तारखेलाही येतात.

वेळ झाली. हिशेब कसा मांडायचा ते राहिलं, ते प्रश्नोत्तरांत घेऊ. मागच्या रांगेत हात वर दिसतोय, विचारा.