पलंगाखालचे दोन डोळे

श्रोतेहो, नमस्कार.

माणसाला बुजणारे मांजर घरी आणले की पहिल्याच रात्री ते दिसेनासे होते. कपाटामागे, पलंगाखालच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात, किंवा इथे मांजर मावेल असे मनातही येणार नाही अशा एखाद्या फटीत ते अंग चोरून बसते, आणि बॅटरीच्या उजेडात आपल्याला दिसतात ते फक्त दोन चमकणारे डोळे. मोठ्या मायेने त्याला घरी आणणाऱ्या माणसाचा इथेच हिरमोड होतो. आजच्या भाषणात मी बोलणार आहे ते याच डोळ्यांविषयी, आणि त्यांतली भीती ओसरेपर्यंत आपण कसे वागावे याविषयी.

मराठीत आपण म्हणतो, 'मांजर माणसाळले'. या वाक्याचा कर्ता मांजर आहे, याकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. माणसाळण्याचे काम मांजरानेच करायचे असते. आपल्या हाती एवढेच असते की त्याला ते सुरक्षित वाटावे आणि त्यासाठी हवा तितका वेळ मिळावा.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पूर्वी कुणाच्या तरी घरात वाढलेले आणि नंतर हरवलेले किंवा सोडून दिलेले मांजर कितीही भेदरलेले असले, तरी माणसाची जुनी ओळख त्याच्या मनात शिल्लक असते. जन्मापासून माणसाचा स्पर्शच न झालेल्या मांजराची गोष्ट वेगळी आहे. पिल्लाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसाची सवय लागण्यासाठी सर्वांत अनुकूल असतो. तो निघून गेला की पुढची वाट फार लांबते, आणि पूर्ण वाढ झालेल्या रानटी मांजराच्या बाबतीत ती कित्येकदा संपतच नाही. अशा मांजराला चार भिंतींत कोंडून ठेवणे ही त्याच्यावरची माया नव्हे, असे मी विचारपूर्वक सांगते. त्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून, ते जिथे राहत होते तिथेच त्याला सोडावे आणि रोजच्या खाण्याची सोय करावी, यात त्याचे अधिक भले आहे.

घरी आणायचे ठरलेच, तर सुरुवातीला त्याला संपूर्ण घर देऊ नये, एकच शांत खोली द्यावी. खोलीत लपायला जागा हवी. पुठ्ठ्याचे साधे खोकेही पुरते. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना असे खोके दिले होते आणि काहींना दिले नव्हते. ज्यांना खोके मिळाले, त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच लक्षणीयरीत्या कमी झाला. लपू दिले तर ते कधी बाहेर येणारच नाही, ही आपली समजूत म्हणूनच सोडून दिली पाहिजे. खाणे-पाणी एका बाजूला आणि शी-शूसाठी माती किंवा वाळू भरलेला ट्रे दुसऱ्या बाजूला ठेवावा. बाहेर वाढलेल्या मांजराला सुरुवातीला साधी मातीच ओळखीची वाटते. रात्री कुणी नसताना ते बाहेर येऊन खात असेल, तर काळजीचे कारण नाही. मात्र पूर्ण दिवस उलटूनही त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यांना विचारावे, कारण काही दिवसांची उपासमारही मांजराच्या यकृताला गंभीर इजा करू शकते.

यानंतरचे काम म्हणजे बसणे. रोज ठरलेल्या वेळी खोलीत जावे, खाणे ठेवावे आणि जमिनीवर, त्याच्याकडे थोडी पाठ करून बसून राहावे. हळू आवाजात काहीतरी वाचावे. रोखून पाहणे मांजराच्या भाषेत धमकीसारखे असते. त्याऐवजी नजरानजर झालीच तर डोळे अर्धवट मिटून, सावकाश उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिले, की माणसाने अशी संथ पापणी लवविली तर मांजरही तसाच प्रतिसाद देते, आणि अनोळखी माणसाच्या जवळ यायलाही अधिक राजी होते.

आमच्याकडे आलेली करडी मांजरी साधारण दोन वर्षांची होती. पहिले अठरा दिवस मी तिला पुरती पाहिलीसुद्धा नव्हती. एकोणिसाव्या दिवशी ती पलंगाखालून अर्धी बाहेर आली, पुढचे दोन पंजे उजेडात ठेवून बसली, आणि मला राहवले नाही. मी हात पुढे केला. मांजराला वीतभर अंतराच्या आतले डोळ्यांनी स्पष्ट दिसत नाही, तिथे ते नाक आणि मिश्यांवर विसंबते, आणि माझा हात तर वरून, तिच्या डोक्यावर येत होता. तिने फिसकारून पंजा मारला. जखम मी साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. चावा असो वा ओरखडा, यात कुणीही हयगय करू नये. जखम आठवड्यात भरून आली. ती पुन्हा तिथवर यायला मात्र जवळजवळ महिना लागला. त्या महिन्यात मी रोज तिथेच, त्याच फरशीवर बसत होते, आणि माझ्या घाईची किंमत ती भोगत आहे, ही जाणीव मला सोडत नव्हती.

पुढे लांब दांड्याचा लाकडी चमचा कामी आला. त्याच्या टोकावर बोटभर मऊ, वासाचे खाणे ठेवून मी तो जमिनीलगत पुढे सरकवत असे. ती मान लांबवून चाटायची, पण मागचे पाय पळण्याच्या बेतातच असायचे. आठवडे गेले तशी मी चमचा आखूड धरू लागले, आणि एके संध्याकाळी चमचा संपला तिथे माझे बोट होते. तिने ते हुंगले, आणि गालाची कड त्यावर एकदाच घासली. मांजराच्या गालांवर गंधग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास तिथे ठेवते. त्या दिवशी मी तिला हात लावला नाही.

स्पर्शाची वेळ आली, की गाल, हनुवटी आणि कपाळ एवढ्यापुरतेच थांबावे. दोन-तीनदा हात फिरवून तो मागे घ्यावा आणि पाहावे: मांजर पुन्हा डोके पुढे करते, की कान मागे पाडून शेपटीचे टोक झटकू लागते? बाहुल्या मोठ्या झाल्या, अंग आखडले, तर तिथेच थांबावे. शेपटी उभी करून आपल्याकडे चालत आले, तर ते स्नेहाने येते आहे असे खुशाल समजावे. नुसत्या घुरघुरण्यावर मात्र विसंबू नये. दुखण्यात आणि भीतीतही मांजर घुरघुरते.

पशुवैद्यांकडे न्यायचा पिंजरा पहिल्या दिवसापासून खोलीत उघडा ठेवून आत मऊ कापड अंथरावे, म्हणजे तोही तिला तिच्या झोपण्याच्या जागांपैकी एक वाटतो. निर्बीजीकरण लांबवू नये, कारण मांजरी चार-पाच महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते.

करडीला येऊन आता तीन वर्षे झाली आहेत. ती मांडीवर बसत नाही, आणि घरात पाहुणे आले की आजही पलंगाखाली जाते. तिथून तिला आम्ही कुणीही बोलावत नाही. दिवे मालवल्यावर ती माझ्या पायांशी येऊन झोपते. तिला हवे तेव्हा उठून जाता यावे म्हणून खोलीचे दार मी रात्रभर थोडे उघडे ठेवते.

नमस्कार.