टेलर यार्डची माती

(सुरुवातीची वीस सेकंदे निवेदन नाही. पाण्याचा आवाज, पात्रात उभा असलेला बगळा, मागून जाणारी लोकल गाडी आणि शेवटी जाळीचे कुंपण.)

या कुंपणाच्या एका बाजूला लॉस एंजेलिस शहर आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच नावाची नदी. दोहोंच्या मध्ये जी ४२ एकरांची उघडी जमीन दिसते आहे, तिला सरकारी कागदपत्रांत ‘जी-टू’ असे रुक्ष नाव आहे. आसपासच्या वस्त्यांमधले लोक मात्र तिला अजूनही टेलर यार्डच म्हणतात. यार्ड बंद होऊन सुमारे चाळीस वर्षे झाली, तरी नाव गेले नाही आणि यार्डाने जमिनीत जे मुरवले तेही गेले नाही. या जमिनीवर नदीकाठचे सार्वजनिक उद्यान व्हावे, असे शहराने ठरवले आहे. त्यासाठी आधी माती स्वच्छ व्हायला हवी, आणि ती कशी होते हेच आपण या चित्रफितीत पाहणार आहोत.

कॅमेरा आता ज्या गोल, काँक्रीटच्या खड्ड्यावर थांबला आहे, तो इंजिन फिरवण्याच्या चकतीचा आहे. आलेले इंजिन या चकतीवर उभे करायचे, चकती फिरवायची आणि समोर अर्धवर्तुळात मांडलेल्या शेडपैकी हव्या त्या शेडच्या रुळाशी ते जुळवून आत सोडायचे, अशी ही व्यवस्था होती. आता खड्ड्याच्या भेगांतून झुडपे उगवली आहेत आणि भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने काढलेल्या चित्रांचे थरावर थर चढले आहेत. यार्डाला ज्याचे नाव मिळाले तो टेलर येथला गिरणीवाला होता. पुढे ही जमीन सदर्न पॅसिफिक रेल्वेकडे गेली आणि १९२० च्या दशकापासून शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाड्यांची जोडणी-तोडणी येथे होऊ लागली. भरभराटीच्या काळात यार्ड सुमारे २४० एकरांवर पसरले होते. वाघिण्या उंचवट्यावर ढकलून सोडल्या की त्या आपल्याच वजनाने घरंगळत आपापल्या रुळावर जाऊन लागत, आणि त्यांच्या आदळण्याचा आवाज रात्रभर आसपासच्या घरांपर्यंत पोहोचत असे. १९७३ मध्ये रेल्वेने हे काम शहराच्या पूर्वेला कोल्टन येथे उभारलेल्या मोठ्या यार्डाकडे वळवले आणि १९८५ मध्ये टेलर यार्ड बंद झाले. दुरुस्तीची काही कामे मात्र त्यानंतरही बरीच वर्षे येथे रेंगाळत राहिली.

एखादे रेल्वे यार्ड जमीन बिघडवते म्हणजे नेमके काय करते, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण येथे कोणतीही दुर्घटना झाली नव्हती, कोणताही स्फोट झाला नव्हता. जे झाले ते रोजच्या कामातून झाले. इंजिनात डिझेल भरताना थोडे सांडते आणि ते पुसण्याची कोणालाही गरज वाटत नाही. यंत्रांच्या भागांवरचे वंगण काढण्यासाठी क्लोरीनयुक्त विद्रावके वापरली जात. ही द्रव्ये पाण्यापेक्षा जड असल्याने जमिनीत खोलवर उतरतात आणि त्यांची वाफ मात्र मातीतल्या पोकळ्यांमधून पुन्हा वर येत राहते. लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचे डांबरी तेल पाजलेले असे. रुळांमधले गवत मारण्यासाठी अमेरिकेतील रेल्वे कंपन्या एके काळी आर्सेनिकयुक्त तणनाशके सर्रास फवारत, आणि जुन्या बॅटऱ्यांमधून व रंगांमधून शिसे मातीत मिसळत असे. टेलर यार्डच्या मातीच्या तपासणीत शिसे, आर्सेनिक, पेट्रोलजन्य तेले आणि विद्रावके ही सगळीच सापडली.

(नमुना घेणारे यंत्र. लोखंडी नळी जमिनीत शिरताना. निवेदनापूर्वी यंत्राचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)

माती तपासायची म्हणजे फावडेभर माती पिशवीत घालून न्यायची, असे नसते. हे यंत्र पोकळ नळी ठोके देत जमिनीत उतरवते आणि नळीच्या आतल्या पारदर्शक अस्तरात त्या जागेची माती, वरपासून खालपर्यंतच्या क्रमाने, जशीच्या तशी भरून वर येते. अस्तर लांबीत चिरून उघडले की जमिनीचा इतिहास आडवा पडलेला दिसतो. सर्वांत वर रेल्वेची खडी आणि भराव आहे, त्याखाली काळपट, तेलकट पट्टा आहे, आणि आणखी खाली नदीने आणून टाकलेली फिकट, स्वच्छ दिसणारी वाळू आहे. दिसते म्हणून ती स्वच्छ असतेच असे नाही. म्हणून वाफ मोजणारे छोटे उपकरण हातभर लांबीच्या त्या मातीवरून सावकाश फिरवले जाते, आकडा जेथे चढतो तेथली माती चमच्याने काचेच्या बरणीत घट्ट भरली जाते, झाकणावर जागा, खोली आणि वेळ लिहिली जाते, आणि बरणी बर्फाच्या पेटीत ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवली जाते. वाफ उडून गेली तर अहवालात माती आहे त्यापेक्षा चांगली दिसेल, म्हणून ही घाई आणि हा बर्फ.

अहवाल आल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, आणि आमच्या मते या सबंध विषयाचा गाभा तोच आहे: स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? ज्या जमिनीवर गोदाम उभे राहणार तिच्यासाठी एक मर्यादा असते, आणि ज्या जमिनीवर मुले रांगणार, माती उकरणार आणि तेच हात तोंडात घालणार, तिच्यासाठी दुसरी, कितीतरी कडक मर्यादा असते. औद्योगिक वापराची मर्यादा गाठली की कागदोपत्री काम संपते. उद्यानासाठी ते तेथे अर्धेच झालेले असते. ही देखरेख कॅलिफोर्निया राज्याच्या विषारी पदार्थ नियंत्रण विभागाकडे आहे.

उपाय अनेक आहेत. शिशासारखे धातू नष्ट होत नाहीत, ते केवळ हलवता किंवा झाकता येतात. म्हणून जास्त बिघडलेली माती पोकलेनने उचलून, ताडपत्रीने बंद केलेल्या ट्रकमधून, तशा मातीसाठी परवाना असलेल्या भराव-जागेकडे न्यावी लागते. विद्रावकांसाठी जमिनीत छिद्रांच्या विहिरी घेऊन त्यांतली हवा पंपाने महिनोन्‌महिने ओढली जाते आणि सक्रिय कोळशातून गाळली जाते. या परिसरातील पडीक जागांवर कॅलिफोर्नियातल्या स्थानिक वनस्पती आणि आळिंबी यांचेही प्रयोग झाले आहेत: वनस्पती धातू शोषून घेतात आणि बुरशी डिझेलसारखी तेले पचवते. मार्ग स्वस्त आणि देखणा आहे, पण धातू शोषलेली झाडे शेवटी कापून कोठेतरी न्यावीच लागतात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वर चांगल्या मातीचा जाड थर पसरून हिरवळ लावणे. साध्या बागेला तो पुरेसाही ठरतो. टेलर यार्डची अडचण अशी, की येथे हिरवळ नको आहे, नदी हवी आहे. १९३८ च्या महापुरानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ८० किलोमीटरहून अधिक लांबीच्या या नदीचा बहुतेक भाग काँक्रीटमध्ये बांधून काढला. याच टप्प्यात भूजल इतके वर आहे, की तळ बांधता आला नाही. म्हणून येथे वाळुंजाची झाडे आहेत, मासे आहेत आणि मघाचा तो बगळा आहे. नदीचा काठ मागे घेऊन पाण्याला या ४२ एकरांत पसरू द्यायचे, पाणथळ जागा पुन्हा निर्माण करायची, असा विचार आहे. शहराने पुढे मांडलेल्या आराखड्यांतील एकात तर नदीचा एक फाटा जमिनीतून नेऊन मध्ये बेट राखलेले आहे. पण जेथे पाणी खेळवायचे तेथे विष झाकून ठेवता येत नाही, ते पाण्याबरोबर चालू लागते. नदीला जितकी जागा द्यावी तितकी माती खणून काढावी लागते, आणि खर्चाचा आकडा तितका फुगतो.

या आग्रहामागे एक जुनी गोष्ट आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर लुईस मॅकॲडम्स नावाच्या कवीने मित्रांसह नदीकाठचे जाळीचे कुंपण पकडीने कापले आणि पात्रात उतरून, नदीच्या वतीने आपण बोलू का, असे नदीलाच विचारले. नदी नाही म्हणाली नाही, असे तो सांगत असे. १९८६ मध्ये त्यातून ‘फ्रेंड्स ऑफ द एल. ए. रिव्हर’ ही संस्था उभी राहिली. पुढे टेलर यार्डवर औद्योगिक इमारतींचा घाट घातला गेला, तेव्हा शेजारच्या वस्त्या आणि संस्था न्यायालयात गेल्या व तो बेत थांबला. २००१ मध्ये राज्याने ४० एकर घेतले आणि २००७ मध्ये तेथे ‘रिओ दे लॉस एंजेलिस’ उद्यान उघडले. नावात नदी असलेल्या या उद्यानातून नदीवर थेट जाता येत नाही, कारण मध्ये रूळ आहेत आणि रुळांपलीकडे जी-टू आहे. राज्याने २००३ मध्ये लगतचे १८ एकर घेतले, आणि २०१७ मध्ये शहराने सदर्न पॅसिफिकची वारस असलेल्या युनियन पॅसिफिक रेल्वेकडून जी-टू सुमारे ६ कोटी डॉलरना विकत घेतली. नदीला लागून मैलभर लांबीची इतकी मोठी जमीन सलग मिळणे पुन्हा घडणारे नव्हते. जमिनीबरोबर तिच्या शुद्धीकरणाचे ओझेही शहराकडे आले.

उद्यानाच्या बातमीनेच पलीकडच्या काठावरील वस्त्यांमध्ये भाडी वाढू लागली आहेत आणि काही जुने रहिवासी निघून गेले आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

(रुळांच्या या बाजूचे उद्यान. फुटबॉल खेळणारी मुले, जाळीपलीकडून जाणारी गाडी. निवेदन नाही.)

जी-टूवर नमुने घेणारे यंत्र आता थांबले आहे. रिकाम्या छिद्रात चिकणमातीच्या गोळ्या ओतून ते बुजवले जात आहे, म्हणजे वरचे पाणी त्यातून खाली झिरपणार नाही. नळी धुतली जाते, धुतलेले पाणीही पिंपात साठवले जाते आणि पिंपावर तारीख पडते. जमिनीवर चुन्याने आखलेल्या चौकटींतल्या पुढच्या फुलीकडे, नदीच्या बाजूला, यंत्र सावकाश सरकते.