मठ पेटवून निघालेली माणसं: एका क्रोएशियन कादंबरीची गोष्ट

नमस्कार मंडळी! आज एक क्रोएशियन कादंबरी. नावं जिभेला जड आहेत, गोष्ट नाही.

साल 1687. बोस्नियातलं रामा नावाचं खोरं, तेव्हा ऑटोमन सुलतानाच्या अमलाखाली. तिथल्या श्चित गावच्या फ्रान्सिस्कन, म्हणजे एका कॅथलिक पंथाच्या साधूंनी आपलाच मठ पेटवून दिला, मेरीमातेचं एक चित्र बरोबर घेतलं आणि लोकांना घेऊन ते डोंगरापलीकडे दाल्मात्सियात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या किनारी प्रांतात, सीन्य गावी उतरले. पुढे होते पावाओ वुच्कोविच नावाचे साधू.

(पडद्यावर नकाशा: रामा ते सीन्य)

याच स्थलांतरावर इवान आरालित्सा यांनी 1982 साली 'पुत बेझ स्ना' लिहिली. आपण तिला 'बिनझोपेची वाट' म्हणू.

आता ही माणसं निघाली का? जाच होता, कर होते, सगळं खरं. पण पलीकडून कुणीतरी बोलवतही होतं. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानं 1686 मध्ये सुलतानाकडून सीन्य जिंकलं होतं. मुलूख हातात आला, पण ओसाड. तो कसायला आणि वेळ आली की त्याच्यासाठी लढायला माणसं हवी होती. थोडक्यात, आलेल्यांना जमीन मिळाली ती सरहद्द राखायच्या बोलीवर. लोक या स्थलांतराची जी कथा सांगतात, तिच्यात या सौद्याचा उल्लेखसुद्धा सापडणार नाही. तिथं फक्त चित्र!

कादंबरीकारानं यातलं कुठलं खरं मानायचं? आरालित्सांची धाटणी बखरकाराची. माझ्या मते त्यांचं खरं कसब हे, की दंतकथा खोटी पाडण्यापेक्षा ती सांगायची गरज कुणाला पडली, याकडे ते आपलं लक्ष वळवतात.

कादंबरीबाहेरचं उदाहरण देतो. 1715 चा ऑगस्ट. ऑटोमन फौजेनं सीन्यच्या किल्ल्याला वेढा घातला. आत जेमतेम सातशे माणसं, तरी वेढा उठला. इतिहासकार म्हणतात, छावणीत हगवणीची साथ होती. सीन्यकर म्हणतात, रात्री तटावरून एक तेजस्वी बाई चालताना शत्रूनं पाहिली, चित्रातलीच मेरीमाता.

कोण सांगतंय बघा. ज्यांच्या आईबापांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी घर, शेत, मठ, सगळ्यावर पाणी सोडून हे चित्र आणलं, ती पोरं! आपल्या माणसांनी केलं ते बरोबर होतं का, याचा निकाल त्यांना हवा होता, आणि तटावरच्या बाईनं तो दिला. वेढ्याची म्हणून सांगतात, पण ही कथा मुळात स्थलांतराचीच आहे. लगेच चित्रावर सोन्याचा मुकुट चढला. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय: 'कायमची मुकुटधारी, विजयी, 1715'. याच विजयासाठी सीन्यमध्ये दर ऑगस्टात भरधाव घोड्यावरून भाल्यानं लोखंडी कडं टिपायची स्पर्धा होते, 'आल्का'. 2010 पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे.

आणि रामात जे मागे राहिले? त्यांच्याकडे दिवा ग्राबोवचेवाची कथा आहे. बेगाला, म्हणजे तिथल्या ऑटोमन सरदाराला, नकार दिला म्हणून मारल्या गेलेल्या या मुलीच्या थडग्यावर जुलैत यात्रा भरते. तिच्यावर पुढचा व्हिडिओ करतोय.