पेट स्कॅनमधला आकडा येतो कुठून?

हा प्लॅस्टिकचा डबा म्हणजे फँटम, कॅन्सरच्या गाठी दाखवणारा पेट स्कॅनर तपासायचा नकली पेशंट. माणसाच्या धडाच्या मापाचा, आत सहा पोकळ गोळे, सगळ्यात छोटा 10 मिलिमीटरचा, सगळ्यात मोठा 37 चा. सिरिंजने गोळ्यांत जे भरतायत ते एफ-18, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन, मिसळलेलं पाणी, डब्यातल्या पाण्यापेक्षा चौपट तीव्र, आणि एखादा बुडबुडा अडकला की टिचक्या मारत बसायचं, दुसरा इलाज नाही.

सहाही गोळ्यांत पाणी तेच, मग सगळे सारखेच चमकायला हवेत ना? आता स्क्रीनवर बघा. छोटा चक्क फिका आलाय. इतक्या लहान जागेची कड मशीनला धरता येत नाही, चमक आजूबाजूला पसरते. म्हणजे शरीरातली गाठ छोटी असेल तर तिचा आकडा मुळातच कमी दिसणार, मग किती कमी ते या डब्यावरूनच काढून ठेवायचं.

आकडा म्हणजे एसयूव्ही. दिलेला डोस आणि पेशंटचं वजन यांच्या हिशोबात गाठीने एफ-18 जोडलेलं किती औषध ओढलं ते. आता ही रिकामी सिरिंज परत मोजायला का ठेवली? कारण आत थोडं औषध उरतंच, ते वजा केलं नाही तर शरीरात गेलं त्याहून जास्त डोस धरला जातो आणि एसयूव्ही कमी येतो.

आणि हे घड्याळ. मला विचाराल तर या खोलीतलं सगळ्यात दुर्लक्षित यंत्र हेच! एफ-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे डोस मोजायच्या मशीनचं आणि स्कॅनरचं घड्याळ 10 मिनिटं मागेपुढे असलं की साधारण 6 टक्के चूक तिथेच झाली, मग स्कॅनर कितीही भारी असू द्या.

स्कॅनर भारी आहेच म्हणा. कव्हर काढल्यावर दिसतायत त्या किरण टिपणाऱ्या क्रिस्टलच्या रांगा. एफ-18 मधून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जुळा, इलेक्ट्रॉनला भेटला की 511 केईव्ही ऊर्जेचे दोन फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, उलट दिशांना सुटतात, त्यातला आधी कुठला पोचला हे 200 पिकोसेकंदांपर्यंत कळलं तर उगमाची जागा 3 सेंटिमीटरच्या आत येते. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग, आणि आपण भिंतीवरची मिनिटं जुळवत नाही.

आकडा चुकला तर केमो लागू पडतेय की नाही हा अंदाजही चुकू शकतो. म्हणून फॉलोअप स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, इंजेक्शननंतर तेवढ्याच वेळाने, बहुतेक वेळा 60 मिनिटांनी.