तीस माणसांचा किल्ला: वेल्समधलं कॉन्वी

(पुलावर उभं राहून, मागे किल्ला)

मागे हे बुरूज मोजा. आठ आहेत. खाली कॉन्वी नदी, पुढे खाडी आणि मग समुद्र. वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा कॉन्वीचा किल्ला. मी लॅन्डिड्नो जंक्शन या रेल्वे स्टेशनला उतरून चालत इथवर आलो आणि या पुलावर बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो.

एक आकडा सांगतो, तो डोक्यात ठेवा. 1284 मध्ये या किल्ल्याची शिबंदी ठरली. एवढ्या अवाढव्य किल्ल्याला माणसं किती? तीस. त्यात पंधरा क्रॉसबोवाले, म्हणजे आडव्या धनुष्याने बाण सोडणारे, एक पाद्री, एक लोहार, एक पाथरवट, एक सुतार, बाकीचे दरवाजे आणि पहारा सांभाळणारे. तो सुतार विसरू नका, तो पुढे परत येणार आहे.

तीस माणसं पुरली कशी, हे कळलं की हा किल्ला कळतो. त्याआधी तो कोणाच्या विरोधात बांधला ते बघू.

1282 च्या डिसेंबरात वेल्सचा राजपुत्र ल्युवेलिन आप ग्रिफिथ लढाईत मारला गेला. पुढच्याच वर्षी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड इथे आला. या जागी तेव्हा एक ख्रिस्ती मठ होता, आणि त्यात ल्युवेलिनचे आजोबा, थोरले ल्युवेलिन, पुरलेले होते. एडवर्डने मठ उचलून नदीच्या वरच्या अंगाला मेनानला हलवला आणि त्याच जागेवर किल्ला आणि तटबंद गाव बांधायला काढलं. गावात वस्ती आणून बसवली ती इंग्रजांची. जिथे या लोकांचे राजे पुरले होते, तीच जागा त्याने निवडली. हे मनात ठेवून या भिंतींकडे पाहिलं की त्यांचं देखणेपण वेगळं दिसायला लागतं.

आपल्या गडांच्या घेऱ्यात राहणारी माणसं गडाच्या राखणीला जोडलेली असत. इथे नेमकं उलटं. तटाच्या आत परके आणि बाहेर मूळचे.

काम 1283 ला सुरू झालं आणि मुख्य बांधकाम चार वर्षांत उभं राहिलं. इंग्लंडभरातून पाथरवट, सुतार, खोदकामगार गोळा केले होते. तट धरून खर्च सुमारे 15,000 पौंड, त्या काळात राजाची तिजोरी हलवणारी रक्कम. बांधकामाचा प्रमुख होता मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज, आल्प्सकडच्या सॅव्हॉयचा.

(किल्ल्याच्या आत, आडव्या भिंतीपाशी)

आता तिसांचं गणित. ही आडवी भिंत किल्ल्याचे दोन भाग करते. अलीकडे शिबंदी, पलीकडे राजाचे महाल. पहिला भाग पडला तरी दुसरा स्वतंत्र लढवता येतो. पश्चिमेच्या दरवाजावर भिंतीतून पुढे आलेले दगडी झरोके आहेत, खाली आलेल्या शत्रूवर थेट वरून मारा करायला. विहीर जवळजवळ 28 मीटर खोल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्वेला पाण्याकडे उतरणारी वाट. मुलूख उठला तरी रसद जहाजाने येणार.

1294 ला मुलूख उठलाच. मॅडॉग आप ल्युवेलिन या वेल्श सरदाराचं बंड झालं आणि त्या हिवाळ्यात खुद्द एडवर्ड इथे अडकून पडला. नदीला पूर, खायची टंचाई. पण किल्ला पडला नाही.

पडला तो 1401 मध्ये. गुड फ्रायडेचा दिवस. शिबंदीतले बहुतेक जण गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेले. दरवाजावर एक जण आला आणि म्हणाला, मी सुतार, कामावर आलोय. पहारेकऱ्यांनी आत घेतलं, कारण किल्ल्यात सुताराचं येणं-जाणं रोजचंच. त्याच्यामागून र्‍हिस आणि ग्विलिम हे वेल्श ट्यूडर भाऊ आपली माणसं घेऊन घुसले. 15,000 पौंडांचा किल्ला त्या दिवशी एका सुतारकामाच्या बहाण्यावर गेला.

शेवट मात्र कडू आहे. काही आठवड्यांनी भावांनी माफी मिळवून किल्ला परत दिला, आणि त्या सौद्यात आपलीच काही माणसं इंग्रजांच्या हवाली केली. त्या माणसांना ठार मारलं. याच घराण्यातला सातवा हेन्री 1485 मध्ये इंग्लंडचा राजा झाला.

किल्ला उघडाबोडका झाला तो 1665 नंतर. मालकाने छपरांचं शिसं आणि लोखंड काढून विकलं. छप्पर गेलं, पाऊस आत आला, लाकडी मजले कुजले. म्हणून आज बुरुजात शिरून वर बघितलंत की भिंतीत मधेच अधांतरी शेकोट्या दिसतात. प्रत्येक शेकोटीपाशी एक मजला होता, तिथे माणसं हात शेकत बसायची. मला इथलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच.

बाहेरून बुरुजांवर छोट्या चौकोनी भोकांची रांग मळसूत्रासारखी चढत जाते. ती परांचीची भोकं. दगड वर न्यायला बुरुजाभोवती गोल चढण केली होती, सॅव्हॉयची पद्धत.

किल्ल्याला तिकीट आहे, गावच्या तटावर फिरायला नाही. सव्वा किलोमीटरचा तट, 21 बुरूज, तीन दरवाजे, आणि बराचसा चालता येतो. जिने अरुंद आणि गोल आहेत, वर वारा जोरात असतो, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका. दक्षिणेच्या तटावर एका ओळीत बारा शौचकूप बाहेर आलेले दिसतील, राजाच्या कारकुनांसाठी बांधलेले.

त्याच तटात एका ठिकाणी भिंत अचानक वेगळी होते. तिच्यात तीन खिडक्या आहेत. तट बांधताना कोणी खिडक्या ठेवत नाही. ते आधीचं एक दालन आहे, तटात सामावून घेतलेलं, आणि त्याला आजही ल्युवेलिनचं दालन म्हणतात. मी आता तिकडेच निघालोय.