घरी बसून पदवी: फोन करण्याआधी विचारायच्या गोष्टी

नमस्कार श्रोतेहो.

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही बसस्टँडच्या आसपासच्या भिंती बघा. ‘घरी बसून पदवी घ्या’, ‘नापास झालात? वर्ष वाचवा’, ‘एका बैठकीत बी.ए.’ असे कागद चिकटलेले दिसतात. खाली मोबाईल नंबर असतो. विद्यापीठाचं नाव मात्र बहुतेक वेळा नसतंच. त्या नंबरावर फोन करण्याआधी काय काय विचारून घ्यायचं, त्याबद्दल आज मी बोलणार आहे. पुण्यातल्या किंवा बंगळुरातल्या मुलाला दूरशिक्षणाचे जे नियम कधी आडवे येत नाहीत, ते आपल्या सीमाभागातल्या मुलाला प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी आडवे येतात. म्हणून हे आपल्याच भागासाठी वेगळं सांगायला हवं.

दूरशिक्षण म्हणजे ज्यांना कॉलेज जमलं नाही त्यांचं दुय्यम शिक्षण, असं अजून बऱ्याच घरांत मानतात. मला ते मुळीच पटत नाही. उद्यमबागेत फौंड्रीत पाळीवर जाणारा मुलगा, वडगाव-शहापुरात यंत्रमागावर उभी राहणारी सून, निपाणीत विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईची थोरली लेक, जांबोटी-कणकुंबीकडची जिच्या गावाहून वेळेवर बस मिळत नाही ती पोरगी, ही माणसं दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडतात. त्यांच्या पदवीला कमी लेखायचं कारणच नाही. कायदाही लेखत नाही. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ मध्ये पुन्हा एकदा जाहीर केलं आहे. यातला ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा. सगळी गोम तिथे आहे.

आपल्या देशात पत्राद्वारे पदवीचं शिक्षण १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने सुरू केलं. पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं. मग १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आलं. १९८९ मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९६ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ झालं. आपल्या मुलांपुढे मुख्यतः ही तीन नावं असतात: नाशिक, म्हैसूर आणि दिल्ली.

आता आपल्या घरात सल्ला कसा येतो ते बघा. पुण्याला असलेला मामा सांगतो, नाशिकला नाव घाल, पुस्तकं मराठीत मिळतात. बंगळुरात नोकरी करणारा चुलतभाऊ सांगतो, म्हैसूर बरं, इथल्या नोकरीला चालतं. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कुणी लिहितं, इग्नू फार कठीण, तिकडे जाऊच नका. कुणी लिहितं, इग्नूशिवाय दुसरं काही घेऊ नका. यातलं कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येकजण आपापल्या गावचं, आपापल्या सालचं, आपापल्या कोर्सचं सांगत असतो, आणि ऐकणारा येळ्ळूरचा किंवा संकेश्वरचा असतो.

नाशिकचंच घ्या. राज्याच्या कायद्याने झालेल्या मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा अधिकार त्या राज्याच्या हद्दीपुरता असतो. राज्याबाहेर त्याला अभ्यासकेंद्र उघडता येत नाही, परीक्षाही घेता येत नाही. म्हणजे बेळगाव शहरातल्या एखाद्या गाळ्यावर ‘नाशिक मुक्त विद्यापीठाचं केंद्र’ अशी पाटी दिसली, तर तिथे पैसे भरू नका. शिनोळी इथून किती लांब? बस थोडी पुढे गेली की महाराष्ट्रातला चंदगड तालुका लागतो. निपाणीहून कागल तर त्याहून हाताशी आहे. पण नियमाच्या दृष्टीने ती रेघ मोठी आहे. मराठीतून शिकायचं म्हणून नाशिकचाच अभ्यासक्रम हवा असेल, तर विद्यापीठालाच लेखी विचारा: माझा पत्ता कर्नाटकातला आहे, मला प्रवेश मिळेल का, केंद्र कुठलं मिळेल आणि परीक्षा कुठे द्यावी लागेल? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. पूर्ण ऑनलाइन चालणाऱ्या, यूजीसीने मान्य केलेल्या अभ्यासक्रमांना हद्दीची ही अट नाही. तेव्हा आपण घेतोय तो अभ्यासक्रम दूरशिक्षणाचा की ऑनलाइन, हेही विचारून घ्यायचं. दोन्हींसाठी मान्यता वेगवेगळी लागते.

म्हैसूरची हकीकत आपल्या भागातल्या पुष्कळ घरांना ठाऊक आहे. २०१२-१३ नंतर त्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची मान्यता पुढे चालू राहिली नाही. राज्याबाहेर केंद्रं चालवणं आणि खासगी संस्थांमार्फत तांत्रिक अभ्यासक्रम देणं, हे आक्षेप होते. २०१५ च्या जूनमध्ये यूजीसीने तशी जाहीर सूचनाही काढली. मान्यता परत मिळाली ती २०१८ मध्ये. मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्या मुलांचे जे हाल झाले, ते आठवले की आजही वाईट वाटतं. चूक त्यांची नव्हती. त्यांनी फी भरली, अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि नोकरीच्या अर्जावर गुणपत्रिका जोडायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला.

आता असं बघा, २०१० साली तिथे शिकलेला माणूस तुम्हाला सांगेल की उत्तम आहे. २०१४ साली प्रवेश घेतलेला सांगेल की त्या वाटेला जाऊ नका. २०१९ चा विद्यार्थी सांगेल की काही अडचण आली नाही. तिघांचंही खरं. म्हणून सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, तू कुठल्या साली नाव घातलंस, कुठल्या कोर्सला, आणि परीक्षा कुठे दिलीस? एवढं विचारलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. मान्यता ही विद्यापीठाला कायमची चिकटलेली नसते. ती त्या सालाची, त्या सत्राची आणि त्या अभ्यासक्रमाची असते. एकाच विद्यापीठाच्या एम.ए. इतिहासाला मान्यता असेल आणि दुसऱ्या एखाद्या कोर्सला नसेल, असं होऊ शकतं.

ही मान्यता बघायची कुठे? यूजीसीचा दूरशिक्षण विभाग आहे, त्याला डीईबी म्हणतात. तो प्रत्येक सत्रासाठी यादी प्रसिद्ध करतो: कुठलं विद्यापीठ, कुठला अभ्यासक्रम, दूरशिक्षण की ऑनलाइन. वर्षात दोन सत्रं असतात, एक जुलैच्या सुमाराचं आणि एक जानेवारीचं. त्या यादीत आपल्या सत्रासमोर आपल्या कोर्सचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. एजंटाने मोबाईलवर दाखवलेला फोटो पुरेसा नाही. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतःची डीईबी ओळख, म्हणजे डीईबी आयडी, काढावी लागते. ती दुसऱ्याच्या हातात देऊ नका. घरात कुणाला संगणक जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या मुलीला हाक मारा, तिला शेजारी बसवून करा, पण पासवर्ड आपल्या वहीत राहू द्या.

बनावट विद्यापीठं दिल्ली-उत्तर प्रदेशात असतात, आपल्याकडे नाहीत, असं समजू नका. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी काढते, तिच्यात कर्नाटकातलं एक नाव कित्येक वर्षं छापून येत होतं आणि ते आपल्याच गोकाकचं होतं. नावात ‘वर्ल्ड’ होतं आणि ‘ओपन युनिव्हर्सिटी’ही होतं. अशी नावं माणसाला भुलवतात. खेड्यातून आलेल्या बापाला ‘ओपन युनिव्हर्सिटी’ एवढे दोन शब्द पुरे वाटतात, त्याला दोष कसा द्यायचा? पण यूजीसीच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. नोंदणीकृत सोसायटी किंवा ट्रस्ट आहे म्हणून पदवी देता येत नाही.

दूरशिक्षणाने जे मिळूच शकत नाही, तेही सांगून ठेवते. इंजिनिअरिंगची पदवी मिळत नाही. वकिलीची नाही. वैद्यकीय, दंतवैद्यकीय, फार्मसी यांतलं काही नाही. पीएच.डी. नाही. अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, तेव्हा कितीतरी नोकरदारांची झोप उडाली होती. बी.एड.बाबत तर आपल्याकडे फारच फसवणूक होते. दूरशिक्षणाचं बी.एड. आहे, पण ते मुळात आधीच प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांसाठी आहे. नुसती बी.ए. झालेल्या मुलीला कुणी ‘वर्गाला न जाता बी.एड.’ करून देतो म्हणाला, तर त्याच्यासमोरून सरळ उठून यायचं. आणि ‘एका बैठकीत तीन वर्षं’ असा प्रकार कुठल्याच खऱ्या विद्यापीठात नसतो. पदवीला लागणारा किमान काळ ठरलेला असतो, तो कुणा एजंटाला कमी करता येत नाही.

एसएसएलसीच, म्हणजे दहावीच, अर्धवट राहिलेली माणसंही आपल्यात आहेत, विशेषतः बायका. त्यांनी थेट पदवीच्या मागे लागू नये. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, एनआयओएस म्हणतात तिला. तिथून दहावी आणि बारावी करता येते, दहावीला मराठी माध्यमही आहे. आधी ते पक्कं करा.

भाषेचा विषय आपल्याकडे नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने मराठीतून शिकावं असं मला मनापासून वाटतं, कारण ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत तो उत्तर चांगलं लिहितो. त्याचबरोबर, कर्नाटकात सरकारी नोकरी करायची असेल तर कन्नड यायला हवं. मग जिथे जमेल तिथे कन्नड हा एक विषय घ्या. त्याने मराठी कमी होत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला दोन्ही भाषा बाजारात आणि कचेरीत सारख्याच येत होत्या. कोल्हापूर-पुण्याकडे नोकरी बघायची असेल तर तिथली भरती अधिवासाबाबत काय मागते ते आधी वाचा. पदवी कुठली घ्यायची हे नोकरी कुठे करायची यावरून ठरवा, फी किती यावरून नको.

आता अभ्यासाविषयी. हा भाग कुठल्याच जाहिरातीत नसतो. इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. १३२ क्रेडिटचा बी.ए. धरला तर ३,९६० तास होतात. तीन वर्षांत करायचा तर रोज साडेतीन तासांहून जास्त, रविवार-सणवार धरून. फौंड्रीत आठ तास उभं राहून आलेल्या मुलाला हे झेपेल का? पुष्कळांना नाही झेपणार, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तोच बी.ए. सहा वर्षांपर्यंत पुरा करायची मुभा आहे. मग रोज पावणेदोन-दोन तास येतात. मी तर नोकरी करणाऱ्या मुलांना सांगते, सावकाश करा, चार किंवा पाच वर्षं घ्या. तीनच वर्षांत करीन म्हणून सुरुवात करणारी कितीतरी मुलं पहिल्याच वर्षी एखाद्या विषयात अडकतात आणि मग पुस्तकं माळ्यावर जातात.

साधारणपणे ७० टक्के गुण परीक्षेचे आणि ३० टक्के असाइनमेंटचे असतात. या असाइनमेंट हाताने लिहून वेळेवर द्याव्या लागतात. बाजारात तयार लिहिलेल्या विकत मिळतात, त्या घेऊ नका. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवा. वर्षभरात तुमच्या हातून सलग दोन-चार पानं लिहून होतात ती याच निमित्ताने. ती सवय गेली की तीन तासांच्या पेपरात हात चालत नाही. पुस्तकं घ्यायला पैसे नसतील तर इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर फुकट वाचता येतात.

दूरशिक्षणात मुलं हुशारीअभावी मागे पडतात असं मला आजवर दिसलं नाही. ती एकटी पडतात म्हणून मागे पडतात. विचारायला कुणी नसतं, तारखा कळत नाहीत, घरात बसायला जागा नसते. आणि इथे आपल्या भागाकडे मोठी शिदोरी आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कारदगा, एवढ्याशा गावांतून आपली माणसं साहित्य संमेलनं भरवतात. मांडव घालतात, ग्रंथदिंडी काढतात, पाहुण्यांना घरी जेवू घालतात. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची सुरुवात १८४८ सालची आहे. पुस्तकासाठी एवढं करणाऱ्या गावांना माझी कळकळीची विनंती आहे: तुमच्या वाचनालयाची किंवा मंडळाची एक खोली रविवारी सकाळी दूरशिक्षणाच्या मुलांसाठी उघडा. नाशिकवाला, म्हैसूरवाला, दिल्लीवाला, सगळे एकत्र बसू देत. विषय वेगळे असले तरी चालतं. गावातल्या निवृत्त शिक्षकांनी तास-दोन तास नुसतं तिथे हजर राहावं. मुलींना तर अशी जागा फार हवी आहे, कारण ‘वाचनालयात जाते’ म्हटलं की घरचे नाही म्हणत नाहीत.

त्या खोलीतल्या फळ्यावर तारखा मोठ्या अक्षरांत लिहा. नवीन मुलांना माहीत नसतं की इग्नूमध्ये प्रवेश घेतला म्हणून परीक्षेला आपोआप नाव जात नाही. जूनच्या परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, डिसेंबरचा वेगळा, आणि पुढच्या वर्षाची नोंदणीही आपणच करायची असते. पत्ता किंवा मोबाईल नंबर बदलला तर तो लगेच कळवायचा. फी भरल्याची पावती आणि असाइनमेंट दिल्याची पोच एका पिशवीत ठेवा, आणि निकाल हातात येईपर्यंत ती पिशवी कुणाला देऊ नका.

नमस्कार.